पाठलाग आणि परतणे

शिकारी वंशाच्या कुत्र्यांविषयी अलीकडे जी चर्चा चालते, ती कोठूनही सुरू झाली तरी अखेर एकाच प्रश्नावर येऊन थांबते: कुत्रा देशी असावा की विलायती? ३० ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये मुधोळ, राजापलयम, चिप्पीपराई, कन्नी, कोंबई या भारतीय जातींची नावे घेऊन घरी कुत्रा पाळताना त्यांचा विचार करावा असे आवाहन केले, तेव्हापासून या प्रश्नाला स्वदेशीची धार आली आणि कुत्र्याची निवड ही पाळणाऱ्याच्या देशनिष्ठेची कसोटी असल्यासारखे लिहिले-बोलले जाऊ लागले. भारतीय जातींची उपेक्षा झाली हे खरे आहे आणि ती थांबली पाहिजे हेही खरे आहे. परंतु एखाद्या जनावराचा मूळ देश कोणता, याच्या उत्तरातून ते जनावर कोणत्या घरात, कोणत्या रानाच्या कडेला आणि कोणत्या कामावर सुखाने जगेल हे आपोआप ठरते, असे समजणे हा विचाराचा आळस आहे.

हा आळस सर्वांत महाग पडतो तो लाडका रिट्रीव्हर गमावलेल्या आणि पुन्हा शिकारी वंशाचाच कुत्रा आणू पाहणाऱ्या घराला. रिट्रीव्हर म्हणजे बंदुकीने टिपलेला पक्षी पाण्यातून किंवा झुडपातून शोधून, तो न चुरगाळता, मालकाच्या हातात आणून देण्यासाठी घडवलेला कुत्रा. आपल्याकडे ‘लॅब’ म्हणून ओळखला जाणारा लॅब्रॅडॉर हा न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या हाताखाली राबणाऱ्या पाणकुत्र्यांचा वंशज; एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश उमरावांनी तो शिकारीसाठी जोपासला आणि १९०३ साली तिकडच्या केनेल क्लबने त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. गोल्डन रिट्रीव्हरची पैदास स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी १८६८च्या सुमारास सुरू केली. महाराष्ट्रातल्या बहुतेक लॅबनी आयुष्यात एकही पक्षी आणून दिला नसेल. तरीही दहा-बारा वर्षे घरात वावरलेला हा कुत्रा गेला की मागे राहणारी पोकळी त्याच्या घडणीशी जोडलेली असते. ती नेमकी कशाची पोकळी आहे हे ओळखल्यावाचून पुढची निवड योग्य होऊ शकत नाही.

हा प्रश्न वर्धा जिल्ह्यातील हिंगणीसारख्या गावात सर्वांत ठळक होतो. सेलू तालुक्यातले हे गाव बोर धरणाजवळचे आणि बोरच्या जंगलाच्या तोंडाशी वसलेले. हे जंगल १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. सुमारे १३८ चौरस किलोमीटर गाभाक्षेत्राचा हा प्रकल्प त्या क्षेत्राच्या मानाने देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असला, तरी पेंच, ताडोबा, मेळघाट आणि नवेगाव-नागझिरा यांच्या मधोमध पडत असल्याने वाघांच्या ये-जा करण्याच्या दृष्टीने त्याचे मोल क्षेत्रफळाहून पुष्कळ मोठे आहे. अशा गावात शिकारी कुत्रा निवडणे ही केवळ घरापुरती बाब राहत नाही. शेताच्या धुऱ्यापलीकडे जे रान सुरू होते, तेही त्या निवडीत पक्षकार असते.

पुन्हा त्याच जातीचा, त्याच रंगाचा कुत्रा आणावा, हे मत दुःखातून येते आणि नव्या पिल्लावर जुन्याच्या आठवणीचे ओझे लादते, यापलीकडे त्यावर काही म्हणण्याची गरज नाही. पुन्हा कुत्राच आणू नये, हे मत आदरणीय असले तरी ते निवडीचे उत्तर नसून निवडीला दिलेला नकार आहे. शहाणपणाचा आव आणून मांडले जाते ते देशी पक्षाचे मत: विलायती लॅब गेला ही संधी समजावी आणि आता मुधोळ किंवा त्याच्याच वळणाचा कारवानी घरी आणावा. या मताचा समाचार सविस्तर घ्यायला हवा.

या पक्षाचा पहिला आधार हवामानाचा आहे. वर्ध्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, थंड प्रदेशातल्या पाण्यासाठी बनलेले लॅबचे दुहेरी केस त्या उन्हात जाच होतात, उलट मुधोळच्या अंगावर आखूड, पातळ केस असतात, असे हा पक्ष म्हणतो आणि इथपर्यंत तो बरोबर आहे. पण उन्हाला टिकणारे शरीर आणि त्या ठिकाणी साजणारा स्वभाव या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुधोळ हा दृष्टीने शिकार करणारा कुत्रा आहे, म्हणजे वासापेक्षा डोळ्यांनी सावज हेरून वेगाने त्याला गाठणारा. दख्खनच्या उघड्या माळरानावर दूरवर पळणारा ससा त्याला दिसावा, यासाठी त्याचे लांब पाय, खोल छाती आणि निमुळते डोके घडले आहे. बोरचे रान साग, तेंदू आणि बांबूचे आहे, आणि शेतातली पऱ्हाटी व तूर पावसाळ्यानंतर कंबरेच्या वर जातात. ज्या नजरेसाठी हा कुत्रा घडला, ती नजर इथे पन्नास पावलांवर अडते. मुधोळ गाव हिंगणीपासून सरळ रेषेत सुमारे सहाशे किलोमीटर दूर आहे. राष्ट्र एक असले तरी माळ आणि जंगल एक होत नाहीत.

दुसरा आधार परंपरेचा आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जपली, डाक खात्याने २००५ साली तिच्यावर तिकीट काढले, बागलकोट जिल्ह्यात तिम्मापूर येथे तिच्यासाठी संशोधन केंद्र उभे राहिले, सैन्यानेही तिला प्रशिक्षण देऊन पाहिले, हा सगळा वारसा अभिमानाचाच आहे. मात्र परंपरेचीच साक्ष काढायची तर ती अशीही सांगते की या कुत्र्यांचे पूर्वज मध्य आणि पश्चिम आशियातून आलेल्या तांड्यांबरोबर दख्खनेत उतरले; तिकडच्या सलूकी आणि ताझी या कुत्र्यांशी त्यांचे साम्य पाहणाऱ्याच्या सहज ध्यानात येते. म्हणजे देशी आणि विलायती यांतला फरक पुष्कळदा आधी आलेला आणि नंतर आलेला एवढाच उरतो. शिवाय वारसा जपणे याचा अर्थ तो वारसा जिथे आणि ज्या कामासाठी घडला तिथे त्याला जगू देणे हा आहे. मुधोळ, लातूर किंवा सोलापूरच्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या हे कुत्रे सांभाळणाऱ्या कुटुंबांना बळ देणे हे जतन होय; हिंगणीच्या गोठ्यात तो साखळीने बांधणे हे जतन नव्हे.

तिसरा आधार सर्वांत वजनदार आहे आणि त्याच्याच पोटात या पक्षाची सर्वांत मोठी चूक आहे. तो म्हणतो की लॅबही शिकारी कुत्रा आणि मुधोळही शिकारी कुत्रा. मग एकाच्या जागी दुसरा का नको? इथे ‘शिकारी’ या एका विशेषणाखाली परस्परविरुद्ध दिशांना जाणाऱ्या दोन प्रेरणा कोंबल्या जातात. कुत्र्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर यांनी शिकारीच्या क्रियेची एक साखळी मांडली आहे: सावजाकडे वळणे, नजर रोखणे, दबा धरणे, पाठलाग, पकडीचा चावा, मारण्याचा चावा, फाडणे आणि खाणे. लांडग्यात ही साखळी अखंड असते. माणसाने वेगवेगळ्या जाती घडवल्या त्या या साखळीच्या काही कड्या ताणून आणि काही निकामी करून. मेंढपाळाच्या बॉर्डर कोलीत नजर रोखणे आणि दबा धरणे वाढवले गेले. दृष्टीने शिकार करणाऱ्या कुत्र्यात पाठलाग शिगेला नेला गेला आणि मारण्याचा चावा शाबूत ठेवला गेला. रिट्रीव्हरमध्ये पकडीचा चावा ठेवून मारण्याचा चावा दाबला गेला आणि त्यापुढे लांडग्याच्या साखळीत नसलेली एक गोष्ट जोडली गेली, ती म्हणजे तोंडात आलेले घेऊन माणसाकडे परतणे. या दोन वर्गांना अनुक्रमे पाठलागी आणि परतीचे कुत्रे म्हणता येईल, आणि निवड करणाऱ्याने देशी-विलायती हा भेद बाजूला ठेवून हाच भेद धरावा, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

हा भेद प्रत्यक्षात किती खोल असतो ते जवळून पाहिल्यास कळते. लहान मुलाची रबरी चप्पल उचलणारा लॅब ती जबड्यात अशी धरतो की तिच्यावर दाताचा ओरखडाही उमटत नाही. मान किंचित वर, शेपूट हलती आणि डोळे सतत घरातल्या माणसावर, कारण त्याच्या लेखी ती चप्पल कोणाच्या तरी तळहातावर ठेवली जाईपर्यंत काम पुरे झालेले नसते. उलट तूर निघाल्यावर मोकळ्या झालेल्या शेतात धुऱ्याच्या कडेला ससा हलला की कारवानीची मान ताठ होते, कान मागे जातात, अंगातले सगळे पीळ एकदम सुटतात, आणि प्रत्येक झेपेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटतील अशी दौड सुरू होते. त्या क्षणी मालकाची हाक त्याच्या कानी पडली तरी मनापर्यंत जात नाही. हा त्याचा अवगुण नाही. शेकडो पिढ्यांनी त्याच्याकडून नेमके हेच मागितले आहे. ज्या घराने दहा वर्षे परतणाऱ्या कुत्र्यावर प्रेम केले, त्या घराला नवा कुत्रा आपल्याकडे पाहत नाही याचे दुःख होते, ते प्रेम कमी पडले म्हणून नव्हे, तर मागणीच चुकीच्या दाराशी गेली म्हणून.

या भेदावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आणि अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती तपासणाऱ्या अभ्यासात असे दिसले की एकेका कुत्र्याच्या वागण्यातील फरकांपैकी फक्त सुमारे ९ टक्के फरक जातीमुळे समजावता येतो. म्हणून कोणताही लॅब नक्की परतेल आणि कोणताही मुधोळ नक्की पळेल असे म्हणणे अवैज्ञानिक ठरेल, आणि पिल्लू घेताना त्याचे आईबाप व त्याचा स्वतःचा कल पाहणे अत्यावश्यक आहे, हे मान्यच करायला हवे. तथापि त्याच अभ्यासात सर्व वर्तने सारखी निघाली नाहीत. चिडणे किंवा घाबरणे यांसारख्या गोष्टींत जातीचा हात फार थोडा दिसला, तर माणसाचे ऐकून वागण्याची वृत्ती जातीशी तुलनेने अधिक जोडलेली आढळली. ज्या थोड्या गोष्टींत वंश बोलतो, त्यांत माणसाच्या हाकेला दिलेला प्रतिसाद आहे, आणि हा लेख ज्या भेदावर उभा आहे तो तेवढ्याचाच आहे.

आता हिंगणीकडे वळता येईल. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात ठार मारणे आणि पकडणे यांबरोबर पाठलाग करणे, हाकणे आणि आमिष दाखवणे, इतकेच नव्हे तर तसा प्रयत्न करणे यांचाही समावेश होतो. साधा ससाही या कायद्याच्या संरक्षणात आहे. म्हणजे पाठलागी कुत्र्याने आपल्या स्वभावानुसार वागायचे ठरवले, तर मालकाच्या दारात वन विभागाचा माणूस उभा राहू शकतो. आणि तसे होऊ नये म्हणून मालकाने काळजी घेतली, तर कुत्र्याला जन्मभर साखळी मिळते. रानाचीही एक बाजू आहे. मोकाट हिंडणारा कुत्रा कॅनाइन डिस्टेंपरसारखा रोग रानात नेतो. २०१८ साली गीरमध्ये झालेल्या सिंहांच्या मृत्यूंत या रोगाच्या विषाणूचा हात आढळला होता. आणि रानही कुत्र्याला सोडत नाही: अकोले तालुक्यात बिबट्यांच्या आहाराचा जो अभ्यास झाला, त्यात त्यांनी खाल्लेल्या मांसाच्या वजनात सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचाच निघाला.

शेतकरी यावर जे म्हणतो ते मात्र झटकून टाकण्याजोगे नाही. रानडुकरे आणि रोही एका रात्रीत उभे पीक झोपवतात, जागल करून माणूस थकतो, तेव्हा जनावरामागे धावणारा कुत्राच हवा, असे त्याचे म्हणणे असते. पण जागलीला लागणारा कुत्रा आणि पाठलागाला लागणारा कुत्रा एक नाही. पिकाची राखण भुंकण्याने, सावध असण्याने आणि धुऱ्यावर टिकून राहण्याने होते. डुकरामागे रानात शिरलेला कुत्रा सुळ्याने फाटून येतो किंवा येतच नाही, आणि तेवढ्या वेळात दुसरा कळप शेतात उतरतो. गावातला साधा गावठी कुत्रा हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे, आणि तो परतीचा कुत्रा आहे, कारण हाकलून झाले की तो मालकाच्या माचाखाली येऊन बसतो. देशीचा आग्रह ज्यांना खराच धरायचा आहे त्यांनी मुधोळच्या तिकिटाकडे बोट दाखवण्याआधी या दारातल्या कुत्र्याकडे पाहावे. तो रानाच्या कडेला टिकला आहे, त्याला लस आणि पोटभर अन्न मिळाले तर तो आणखी चांगला टिकेल, आणि त्याच्या वाट्याला अजून एकही आवाहन आलेले नाही.

म्हणून बोरच्या काठी राहणाऱ्या आणि रिट्रीव्हर गमावलेल्या घराने नव्या पिल्लाच्या कागदपत्रांत मूळ देश शोधण्याऐवजी त्याच्या आईबापांची हाक ऐकण्याची तयारी तपासावी. उन्हाचा विचार करून हलक्या केसांचा, परतीच्या वृत्तीचा कुत्रा निवडावा, आणि तो गावठी निघाला तर कमीपणा मानू नये. मुधोळ आणि कारवानी यांच्या देखणेपणाची भूल कोणालाही पडेल, आणि ती पडावी इतके ते देखणे आहेतही. परंतु जिथे धावू देणे गुन्हा आहे आणि धावून गेल्यास मृत्यूची गाठ आहे, तिथे धावण्यासाठी घडलेले जनावर आणणे हा त्या जनावरावर केलेला अन्याय आहे, आणि स्वदेशीच्या नावाने केला म्हणून तो तसूभरही कमी होत नाही.