नळीवरची गवसणी

सावकाश बसा. घाई नाही.

डोळे मिटावेसे वाटले तर मिटा. एक रणगाडा समोर येऊ द्या.

अहिल्यानगरजवळची के. के. रेंज. एप्रिलची दुपार. माळ करडा पडलाय, गवत वाळून गेलंय. रणगाडा उभा आहे. इंजिन बंद आहे.

त्याची नळी बघा. फक्त नळी. टी-७२ची, १२५ मिलिमीटरची. सहा मीटर लांब, पोलादी.

क्षणभर ती उघडी आहे असं समजा. वर काही झाकण नाही.

श्वास घ्या. सोडा. बघत राहा.

ऊन वरून पडतंय. नळीची पाठ तापतेय, पोट सावलीत आहे. तापलेलं पोलाद प्रसरण पावतं. वरची बाजू खालच्या बाजूहून किंचित लांब होते, आणि नळीचं तोंड खाली झुकतं.

किती झुकतं? पाठ आणि पोट यांच्यात एका अंशाचा फरक धरा. साध्या हिशेबाने तोंड मिलिमीटरभरही खाली येत नाही. डोळ्यांना ते दिसणारच नाही. पण दोन किलोमीटरवर पोचेपर्यंत गोळा सुमारे अर्धा मीटर चुकतो.

इथे थोडं थांबा. या न दिसणाऱ्या झुकण्यापाशी.

एवढं जड पोलाद, आणि त्याला ऊन कळतं.

आता वळवाचा पाऊस येऊ द्या. टपोरे थेंब. तापलेल्या पाठीवर पडतात, पाठ निवते, आखडते. तोंड वर उचललं जातं. गार वारा एका अंगाने सुटला, तर नळी त्या अंगाला वळते. ती सतत काहीतरी ऐकत असते म्हणा ना.

तुम्हीही ऐका. काही करायचं नाही.

आता नळीवर गवसणी चढवा. तंबोऱ्यावर चढवतात तशी, पण ही धातूची आहे. हलक्या मिश्रधातूचा पातळ पत्रा, तुकड्या-तुकड्यांनी नळीभोवती बसवलेला. फौजेत तिला थर्मल स्लीव्ह म्हणतात.

मनानेच तिच्यावर हात ठेवा. पत्रा चटका देतो.

त्या पत्र्याच्या आत जा. तिथे नळी लगेच लागत नाही. मध्ये एक फट आहे. फटीत हवा आहे.

या हवेपाशी राहा.

ती कोंडलेली आहे. वारा तिच्यापर्यंत येत नाही. उष्णता तिच्यातून फार हळू जाते. ऊन पत्र्याला लागतं, पत्र्यात पसरतं, आणि हवेतून आत झिरपेपर्यंत त्याची धार गेलेली असते. नळीच्या पाठीला आणि पोटाला जवळजवळ सारखीच ऊब मिळते.

नळी तापतेच. पण सगळीकडून सारखी तापते, म्हणून सरळ राहते.

पुन्हा एकदा श्वास घ्या. पाठ आणि पोट, सारखी ऊब.

ही नळी कशासाठी आहे, हे मात्र बसल्या बसल्या विसरायचं नाही. तिच्या समोरच्या टोकाला माणसं असतात. मला ही फटीतली हवा सुंदर वाटते, आणि त्याने ते ओझं तसूभरही हलकं होत नाही. दोन्ही असू द्या. मिटवायला जाऊ नका.

१९१२ मध्ये ब्रिटिश सैन्यात आलेल्या व्हिकर्स मशीनगनची तऱ्हा वेगळी. तिच्या नळीभोवती पाण्याचं आवरण, सुमारे चार लिटरचं. सतत गोळ्या झाडल्या की पाणी उकळायचं, वाफ रबरी नळीतून डब्यात जायची आणि तिचं पुन्हा पाणी व्हायचं. ते आवरण उष्णता ओढून घ्यायचं. रणगाड्याची गवसणी ओढून काही घेत नाही.

हळूच नळीच्या टोकाशी या.

काही रणगाड्यांत इथे एक छोटा आरसा असतो. आतून त्यावर प्रकाश टाकतात. नळी वाकली असेल तर परत येणारा प्रकाश जागेवरून सरकलेला दिसतो, आणि तोफची तेवढी दुरुस्ती करून घेतो. म्हणजे गवसणी असूनही थोडं वाकणं उरतंच. ते पूर्ण थांबवता येत नाही, मोजता येतं.

मोजणाऱ्या त्या प्रकाशाकडे बघा. जातो. येतो.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात कधी गेलात, तर दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्यांपाशी सावकाश फिरा. त्यांच्या नळ्या उघड्या आहेत. नंतरच्या पिढीतल्या एखाद्या नळीवर गवसणी दिसली, तर तिथे दोन मिनिटं जास्त उभे राहा. आणि तिच्याकडून गारव्याची अपेक्षा करू नका. गोळे झाडून झाल्यावर गवसणीतली नळी उघड्या नळीपेक्षा उशिराच निवते.