वधस्तंभाकृति मंदिर आणि त्यांतील बैठक

वाचन : याकोबाचें पत्र २:१–४



याकोब मंडळ्यांस एक साधा प्रश्न विचारतो. सभेंत एकजण सोन्याची आंगठी घालून आला आणि दुसरा मळकें वस्त्र नेसून आला, तर तुम्ही कोणास कोठें बसवितां? ह्या प्रश्नाच्या उजेडांत आज आपण आपल्या देशांतील एका जुन्या उपासनामंदिराचा इतिहास पाहूं.

तमिळनाडूंत समुद्रकांठीं तरंगंबाडी नांवाचें लहानसें गांव आहे. डेन्मार्कच्या लोकांनीं इ. स. १६२० सालीं तंजावरच्या नायक राजाकडून तेथें जागा मिळविली. पुढें तंजावरास भोसल्यांचें राज्य आलें, तेव्हांही त्यांचें ठाणें तेथें कायम होतें. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक ह्यानें पाठविलेले दोन तरुण जर्मन सेवक, झीगेनबाल्ग व प्लुचाव, ९ जुलै १७०६ रोजीं ह्या किनाऱ्यास उतरले. आपल्या देशांत प्रॉटेस्टंट मिशनकार्याचा आरंभ येथून झाला. त्या कार्याचें प्रथमफळ कोण होतें, हें ध्यानांत ठेवावें. १२ मे १७०७ रोजीं ज्या पांच जणांचा बाप्तिस्मा झाला, ते डॅनिश धन्यांच्या घरचे गुलाम होते. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत यरुशलेम नांवाचें पहिलें लहान मंदिर समर्पित झालें.

ह्या कामीं विरोध बाहेरूनच आला असें नाहीं. एका गरीब विधवेची बाजू घेतल्यावरून तंटा उद्भवला, आणि ख्रिस्ती म्हणविणाऱ्या डॅनिश अधिकाऱ्यानेंच झीगेनबाल्ग ह्यांस १७०८-०९ मध्यें सुमारें चार महिने कैदेंत ठेविलें. तरी त्यांनीं हातचें काम सोडिलें नाहीं. त्यांनीं तमिळ भाषेंत केलेला नवा करार १७१५ पर्यंत तरंगंबाडीच्याच छापखान्यांत छापून पुरा झाला.

पुढें ९ फेब्रुवारी १७१७ रोजीं मोठ्या मंदिराचा पाया घातला गेला, व ११ ऑक्टोबर १७१८ रोजीं त्याचें समर्पण झालें. नांव ठेविलें ‘नवें यरुशलेम’. दर्शनी भिंतीवर राजाचा मुकुट व नाममुद्रा आहे. मंदिराची मांडणी मात्र वधस्तंभाच्या आकाराची आहे. समर्पणास पांच महिने होतात न होतात तोंच, २३ फेब्रुवारी १७१९ रोजीं, अवघ्या छत्तिसाव्या वर्षीं झीगेनबाल्ग प्रभूमध्यें निजले. त्यांची कबर त्याच मंदिरांत वेदीजवळ आहे. १७३३ सालीं तरंगंबाडीस आरोन ह्या तमिळ बांधवास पाळकपदाची दीक्षा मिळाली. भारतीय प्रॉटेस्टंट पाळकांत ते पहिले होत.

परंतु ह्या इतिहासाची दुसरी बाजू झांकून ठेवणें बरें नव्हे. ह्या मिशनच्या मंडळ्यांत वरच्या म्हणविणाऱ्या जातींतून आलेले ख्रिस्ती एकीकडे बसत आणि परैयर जातींतून आलेले दुसरीकडे. भिंती वधस्तंभाच्या, पण बैठक जातीची! हा भेद शंभर वर्षांतही गेला नाहीं. दक्षिणेंतील ज्या मंडळ्या पुढें इंग्रजी मिशनांकडे आल्या, त्यांतून जातिभेद निःशेष काढावा असें कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन ह्यांनीं १८३३ सालीं फर्माविलें. तेव्हां कित्येकांनीं मंडळी सोडिली, पण जात सोडिली नाहीं.

बंधूंनो, हें वाचून तमिळ बांधवांस नांवें ठेवण्यापूर्वीं आपण आपल्या सतरंजीकडे पाहूं. आपल्या गांवच्या मंदिरांत दाराशीं नेहमीं कोण बसतें? प्रीतिभोजनाच्या वेळीं कोणाची पंगत मागाहून बसते? सोयरीक ठरवितांना आपण प्रथम विश्वास विचारतों, कीं पूर्वीचा वाडा विचारतों? एके काळीं ज्यांस विहिरीवरून परत लाविलें गेलें, त्यांनींच दुसऱ्या दुबळ्या घराण्याच्या हातचें पाणी टाळावें, ह्याहून दुःखाची गोष्ट कोणती?

उपदेशक बंधूंनो, हें काम विशेषेंकरून आपलें आहे. येत्या रविवारीं नुकताच बाप्तिस्मा झालेलें कुटुंब कोठें बसलें आहे तें पाहा, व त्यांस प्रेमानें पुढें बोलवा. मग त्यांच्या घरीं जाऊन त्यांच्या चुलीवरची भाकर खा. एवढ्यानें जें शिकविलें जाईल, तें दहा उपदेशांनीं होणार नाहीं. मंदिराच्या छपरासाठीं वर्गणी अवश्य गोळा करावी. परंतु छपराखालचें पंक्तिभेदाचें भोंक पैशानें बुजत नाहीं.

२६ डिसेंबर २००४ रोजीं समुद्र खवळून तरंगंबाडींत शिरला, व कित्येक कोळी बांधव प्राणांस मुकले. तें जुनें मंदिर मात्र उभें राहिलें, आणि २०१८ सालीं त्यास तीनशें वर्षें झालीं. चुन्याविटांचें घर समुद्रापुढें टिकलें. पेत्रानें ज्यास जिवंत धोंड्यांचें घर म्हटलें, तें आपलें घर टिकावयाचें तर प्रत्येक धोंडा दुसऱ्यास लागून बसला पाहिजे. मध्यें अंतर ठेवून रचिलेल्या धोंड्यांची भिंत होत नाहीं.

हे प्रभो, तुझ्या मेजाशीं आम्हां सर्वांस एकाच पंगतीस बसीव. आमेन.