बोली, उचल आणि जनाबाई

9 ऑक्टोबर 2023. मुंबईत प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामाचा लिलाव चालू होता. दोनच दिवस आधी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने इराणला 33-29 असे हरवून सुवर्णपदक घेतले होते. त्या वादळी अंतिम सामन्यात इराणकडून खेळलेल्या मोहम्मदरझा शादलूईचे नाव आता मुंबईत पुकारले गेले. अ गटातल्या खेळाडूची मूळ किंमत 30 लाख होती. बोली चढत चढत 2 कोटी 35 लाखांवर गेली आणि पुणेरी पलटणने त्याला घेतले. प्रत्येक संघाला खर्चायला मुभा होती एकूण 5 कोटींची. त्यातली जवळपास निम्मी रक्कम एका माणसावर गेली आणि उरलेल्या पैशांत बाकीचा सगळा संघ बसवायचा होता.

पलटणला हे जमले, कारण संघाचा कणा आधीच तयार होता. नगर जिल्ह्यातला कर्णधार अस्लम इनामदार, नाशिक जिल्ह्यातला आकाश शिंदे, शिवाय मोहित गोयत, पंकज मोहिते ही पोरे लिलावाबाहेर, तुलनेने लहान रकमांवर संघाकडे होती. अस्लम आणि आकाश हे दोघेही हांगझोऊच्या विजेत्या भारतीय संघात होते. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे नमवून पलटणने पहिल्यांदा चषक उचलला. त्याच लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी 2 कोटी 60 लाखांहून अधिक मोजले होते. टायटन्स त्या हंगामात तळाला राहिले. पवन कमी पडला म्हणून असे झाले नाही. थैलीचे तोंड एकाच बाजूला मोकळे केले की दुसऱ्या बाजूला हात आखडावा लागतो. पुढच्या वर्षी शादलूई पुन्हा लिलावात आला, 2 कोटी 7 लाखांत हरियाणाकडे गेला आणि तो चषक हरियाणाने नेला.

हा हिशेब रंजक आहे आणि त्यावर तासन्‌तास वाद घालणारे रसिक महाराष्ट्रात गावोगाव आहेत. पण त्याच्या पोटात एक जुना, धर्माचा म्हणावा असा प्रश्न आहे. माणसाच्या कामाला किंमत लावली जाते तेव्हा नेमके काय मोजले जाते? त्या किमतीला वरून मर्यादा घालण्याचा अधिकार कोणाला आहे? ज्याची किंमत ठरते आहे त्याला त्यात बोलता येते का?

हा प्रश्न विचारायला परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडसारखे दुसरे ठिकाण नाही. गोदावरीच्या काठचे हे गाव संत जनाबाईंचे जन्मगाव. परंपरा सांगते की दमा आणि करुंड यांची ही लेक लहानपणीच पंढरपूरला दामाशेटी शिंप्यांच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या घरी पोहोचली आणि तिथेच आयुष्यभर राबली. दळण, कांडण, सडासारवण, पाणी, गोवऱ्या. या कामांना मजुरी नव्हती. अभंगांखाली ती स्वतःची ओळख नामयाची दासी अशी करून देते. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या या बाईच्या नावावर आज तीनशेहून अधिक अभंग आहेत आणि पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात तिचे म्हणून दाखवले जाणारे जाते पाहायला वारकरी आजही रांग लावतात.

तिची पदकाची गोष्ट या प्रश्नाच्या गाभ्याशी जाते. विठ्ठल रात्री जनीकडे आला. पहाटे काकड आरतीची वेळ झाली तशी घाईत निघताना आपला शेला आणि रत्नजडित पदक तिच्याकडेच विसरला आणि तिची वाकळ पांघरून देवळात जाऊन उभा राहिला. पुजाऱ्यांनी पाहिले तर पदक नाही. आळ जनीवर आला आणि तिला सुळावर देण्यासाठी चंद्रभागेच्या वाळवंटात नेले. तिथे सुळाचे पाणी झाले. चमत्कार बाजूला ठेवला तरी गोष्टीतला व्यवहार लख्ख आहे. पदकाची किंमत सगळ्यांना ठाऊक होती. वाकळेची किंमत कोणीच केलेली नव्हती. जिच्या कष्टांचा हिशेब जन्मभर कोणी ठेवला नाही, तिच्यावरच्या चोरीचा हिशेब मात्र एका सकाळीत मांडून झाला. आणि देव अंगावर घेऊन उभा होता तो वाकळ.

वारकरी परंपरेने या गोष्टीतून जे ठसवले ते असे: माणसाचे मोल बोलीत मावत नाही. जनीबरोबर जात्याच्या खुंट्याला हात लावणारा देव तिच्या दळणाचा भाव करत नाही. तो त्या कामात वाटेकरी होतो. किंमत आणि मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इतक्या साध्या रीतीने जगातल्या फार थोड्या परंपरांनी सांगितले असेल.

पण एवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे. मोल अमाप आहे असे म्हणत किंमतच न देण्याची सोय माणसांनी फार लवकर शोधली. म्हणून आपल्याच कथांतली दुसरी बाजूही पाहायला हवी. राजा हरिश्चंद्र विश्वामित्राच्या दक्षिणेसाठी काशीच्या बाजारात तारामती आणि रोहिदासाला विकतो, मग स्वतःला डोंबाकडे विकतो. 1913 साली दादासाहेब फाळक्यांनी आपल्या पहिल्या चित्रपटासाठी हीच कथा निवडली आणि पिढ्यान्‌पिढ्या आपण तिच्याकडे सत्यनिष्ठेची कथा म्हणून पाहत आलो. तारामतीला कोणी विचारले होते का, हा प्रश्न त्या कौतुकात मागे राहिला. महाभारतात मात्र द्रौपदी तो भर सभेत विचारते. धर्मराज आधी स्वतःला हरले की मला? जो स्वतःवरचाच हक्क गमावून बसला, त्याला दुसऱ्याला पणाला लावता येते का? भीष्मांसारख्या जाणत्यालाही धर्माची गती सूक्ष्म आहे एवढेच म्हणता आले. उत्तर मिळाले नाही, पण कसोटी मिळाली: किंमत किती यापेक्षा, पणाला लावणारा कोण आणि त्याला तो अधिकार दिला कोणी, हे आधी पाहावे.

अमेरिकेच्या बास्केटबॉलमध्ये हीच कसोटी कोर्टात लागली. खेळाडूचा करार संपला तरी संघाचा त्याच्यावरचा हक्क संपत नसे. दुसरीकडे जायची सोयच नव्हती. 1970 साली खेळाडू संघटनेचा अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन याने त्याविरुद्ध दावा लावला. त्याच सुमारास बेसबॉलमध्ये कर्ट फ्लडने आपल्याला न विचारता दुसऱ्या संघाकडे सोपवले जाण्यास नकार दिला होता. 1972 मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात हरला आणि त्याची कारकीर्द त्यातच संपली. रॉबर्टसनचा दावा 1976 मध्ये तडजोडीने मिटला आणि करार संपलेल्या खेळाडूला मोकळेपणाने दुसरीकडे जाण्याचा, म्हणजे ‘फ्री एजंट’ होण्याचा रस्ता उघडला.

पगाराची कमाल मर्यादा आली ती यानंतर. 1984-85 च्या हंगामात एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या या बास्केटबॉल लीगमध्ये, प्रत्येक संघाला 36 लाख डॉलरची मर्यादा घातली गेली. 2025-26 साठी ती सुमारे 15 कोटी 46 लाख डॉलर ठरली. मात्र 1983 च्या ज्या कराराने ही मर्यादा आणली, त्यानेच लीगच्या उत्पन्नातला 53 टक्के वाटा खेळाडूंना बांधून दिला. आज तो वाटा 49 ते 51 टक्क्यांच्या दरम्यान असतो आणि मर्यादेच्या किमान 90 टक्के रक्कम पगारावर खर्च करणे संघांना भाग आहे. वरून छत आहे तसा खालून पाया आहे, आणि दोन्ही खेळाडूंच्या संघटनेने समोर बसून मान्य केलेले आहेत. या लेखाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

आपल्या कबड्डीतला लिलाव या बाबतीत एक पायरी मागे आहे, हे स्पष्ट म्हणायला हवे. 2014 च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महागडा ठरलेला राकेश कुमार 12 लाख 80 हजारांचा होता. 2019 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाईवर 1 कोटी 45 लाखांची बोली लागली. खेड्यापाड्यातल्या पोरांच्या घरात या खेळाने पैसा आणला आणि त्याचा आनंद मनापासून व्हावा. तरीही लिलावात खेळाडूला संघ निवडता येत नाही. जो जास्त बोलतो त्याच्याकडे तो जातो. फ्री एजंटची कमाई मर्यादेत बसवावी लागते, पण कोणाकडे जायचे हे तो ठरवतो. पैशाची मर्यादा सोसवते, मताची सोसवत नाही.

मुळात एखाद्याला इतके जास्त मिळावे का? हार्वर्डचे दोन तत्त्वज्ञ यावर भिडले. जॉन रॉल्सने 1971 मध्ये मांडले की जन्मतः मिळालेले गुण कोणी कमावलेले नसतात, म्हणून त्यांच्या फळावरचा हक्क निरंकुश नसतो. रॉबर्ट नोझिकने 1974 मध्ये उत्तर देताना बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचे उदाहरण घेतले. दहा लाख प्रेक्षकांनी आपखुशीने प्रत्येकी पंचवीस सेंट त्याच्यासाठी वेगळे टाकले आणि तो अडीच लाख डॉलरचा धनी झाला, तर यात अन्याय कोणता? सात फुटांहून उंच चेंबरलेनने ती उंची कमावलेली नव्हती, हे खरे. पण रोजचा सराव त्याचाच होता, हेही तितकेच खरे. वारकऱ्याच्या कानाला रॉल्स अधिक ओळखीचा वाटेल, कारण गुण ही देणगी आहे असे कीर्तनात नेहमीच सांगितले जाते. मात्र नोझिकच्या बाजूची एक गोष्ट सोडता येत नाही, ती म्हणजे आपखुशी.

आपखुशीने कमी घेणारेही असतात. एनबीएतल्या डॅलस संघाच्या डर्क नोवित्स्कीने 2014 मध्ये दुसऱ्या संघांचे कितीतरी मोठे देकार नाकारून तीन वर्षांसाठी अडीच कोटी डॉलरवर सही केली. त्याने सोडलेल्या जागेतून संघाने चँडलर पार्सन्सला तीन वर्षांसाठी 4 कोटी 60 लाखांवर आणले. पार्सन्स दुखापतींनी बेजार झाला आणि पुढची दोन्ही वर्षे डॅलस बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात हरले. त्यागाला फळाची हमी नसते, हे गीता वाचणाऱ्याला नवे नाही. आणि नोवित्स्कीचा त्याग खरा होता, कारण त्याच्यापुढे नाही म्हणण्याचा रस्ता पूर्ण उघडा होता. तो रस्ता बंद असलेल्या माणसाने कमी घेतले तर त्याला त्याग म्हणणे हे पाप आहे.

गंगाखेड, पालम, सोनपेठ या पट्ट्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड मजूर बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम हंगामाआधी उचल देतो. ती लग्नात, आजारपणात, जुनी देणी फेडण्यात कधीच खर्ची पडलेली असते आणि मग थंडीत पहाटे उठून मोळ्या बांधत ती फेडायची. खाडा झाला तर तो दिवसही अंगावर. हंगाम संपला आणि बाकी राहिली तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे. रॉबर्टसनने ज्या बंधनाविरुद्ध दावा लावला, ते इथे कोणत्याही करारपत्राशिवाय रोज पाळले जाते.

या मजुरीलाही वाटाघाटी आहेत. जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि मजुरांच्या संघटनांत तोडणीच्या दरात तीन वर्षांसाठी 34 टक्के वाढ ठरली. ही चांगली गोष्ट झाली आणि ती संपाच्या इशाऱ्याशिवाय झाली नसती. परंतु तो टनाचा दर कोयत्याचा आहे. कोयत्यातली बाई नवऱ्याइतकाच ऊस हाताळते, मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते, त्याआधी खोपीवर स्वयंपाक आणि पाणी करते. उचल मात्र नवऱ्याच्या हातात जाते आणि हिशेबाच्या वहीत तिचे नाव नसते. तिला बोली नाही, मर्यादा नाही आणि नकारही नाही.

जनाबाईंच्या गावच्या बायकांच्या बाबतीत देव कष्टात वाटेकरी आहे असे सांगून भागणार नाही. ते खरे असेल, पण ते म्हणण्याचा अधिकार राबणाऱ्या बाईचा आहे. राबवून घेणाऱ्याला तो नाही. दर ठरवणारा पुढचा करार होईल तेव्हा कारखानदारांनी, संघटनांनी आणि सरकारने त्यात एवढे तरी लिहून घ्यावे: कोयत्यातल्या बाईचे नाव वेगळे, तिची मजुरी तिच्या खात्यात, आणि उचल फिटली नसली तरी मुकादम बदलण्याचा तिचा व तिच्या नवऱ्याचा हक्क.