टोपली रिकामी करू का?

काही प्रश्न दिसायला अगदी गरीब असतात. ‘ओळखलंत का मला?’ हा त्यांपैकी एक. लग्नाच्या मांडवात कुणीतरी समोर उभं राहून तो विचारतं आणि आपल्या घशातली जिलबी पुढं सरकत नाही. असाच एक गरीब प्रश्न २०२५ च्या दिवाळीआधी शेजारच्या चिरंजीवांनी मला विचारला आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला. प्रश्न एवढाच होता, ‘‘काका, टोपली रिकामी करू का?’’

टोपली म्हणजे संगणकातली. माझा संगणक २०१३ सालचा. त्यावर विंडोज १० सुखानं नांदत होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला.

‘‘संपला म्हणजे? उद्यापासून बंद?’’ मी घाबरून विचारलं.

‘‘छे हो! चालतो तसाच चालणार. फक्त सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या यायच्या थांबतात.’’

म्हणजे सेवानिवृत्तच की! हिंडतो, फिरतो, जेवतो. फक्त कार्यालयातून आता काही येत नाही. मला त्या यंत्राबद्दल एकदम बंधुभाव वाटला. वर्षभराच्या मुदतवाढीची सोय होती म्हणे, पण विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची एक सुरक्षेची चीप लागते आणि ती माझ्या म्हाताऱ्यापाशी नव्हती. सबब नवा संगणक आला आणि जुन्यातलं काय न्यायचं नि काय टाकायचं, याची निवड सुरू झाली.

‘‘टोपलीतलं काही आपण होऊन नव्या मशीनवर जात नाही,’’ चिरंजीव म्हणाले, ‘‘काही हवं असेल तर आत्ताच बाहेर काढा.’’

हवं असेल तर! अहो, त्या टोपलीत माझा सख्खा भाऊ होता.

हे नीट कळायला तुम्हांला आधी माझी नोकरी कळली पाहिजे. १९८० साली मी एका बँकेत कारकून म्हणून चिकटलो. पहिल्याच दिवशी हेडक्लार्कनी मला एक मंत्र दिला : ‘‘लेजरमध्ये चूक झाली तरी चालेल, पुसायचं नाही.’’ खोडरबर नाही, ब्लेड नाही, पांढरी शाई तर नाहीच नाही. आकडा चुकला तर त्यावरून तांबड्या शाईनं एकच आडवी रेघ मारायची. तीही अशी, की खालचा चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी आपली आद्याक्षरं. चूक झाली होती, ती सुधारली, आणि कुणी सुधारली, हे तिन्ही जगाला दिसलं पाहिजे. मी अशा इतक्या रेघा मारल्या, की आमचे अधिकारी माझ्या लेजरला ‘कुंकवाचा करंडा’ म्हणत.

पुढं संगणक आले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ‘डिलीट’ नावाची कळ दिसली. दाबली की चूक गायब! ना रेघ, ना आद्याक्षरं. पहिल्या दिवशी मी ती इतक्या चोरट्या नजरेनं दाबली, की शिपायाला संशय आला.

पण डिलीट वाटतं तितकं खरं नाही, हे तेव्हाही कळलं होतं. तो डॉसचा जमाना. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. १९९१ साली आलेल्या डॉसच्या पाचव्या आवृत्तीत ‘अनडिलीट’ नावाची आज्ञा होती. तिची गंमत अशी, की डॉसमध्ये फाइल पुसली म्हणजे आतला मजकूर पुसला जात नसे. यादीतल्या तिच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर खोडलं जाई आणि जागा मोकळी झाली असं धरून चालत. मग अनडिलीट केलं, की यंत्र उरलेलं नाव दाखवी आणि नम्रपणे विचारी : पहिलं अक्षर कोणतं होतं? तेवढं सांगितलं आणि मधल्या काळात त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलेलं नसलं, की फाइल जिवंत! एका अक्षरावर अख्खा संसार परत मिळायचा.

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं आणि त्यातून ही टोपली आमच्या पडद्यावर आली. ॲपलवाल्यांच्या पडद्यावर ती १९८३-८४ पासूनच होती. टाकलेलं टोपलीत जातं, तिथंच पडून राहतं आणि पश्चात्ताप झाला तर ‘रिस्टोअर’ म्हटलं की जिथून आलं तिथंच परत जाऊन बसतं. ज्यानं हे काढलं त्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक असला पाहिजे. आपण रागानं फेकलेली वस्तू दहा मिनिटांनी कुणाचं लक्ष नाही असं बघून उचलून आणतो, हे त्यानं पाहिलेलं असणार.

आता भावाबद्दल. दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. नाशिकला असतो. वाईचं वडिलोपार्जित घर २००९ साली विकलं तेव्हा माजघरातला झोपाळा, पितळी कड्यांसकट, त्यानं टेम्पोत घातला आणि नेला. मला विचारलं नाही. झोपाळा मला हवा होता का? पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तो टांगला असता तर स्वयंपाकघरात जायला झोक्याची वेळ साधावी लागली असती. पण प्रश्न झोपाळ्याचा नव्हता, विचारण्याचा होता. भावाभावांचे प्रश्न नेहमी विचारण्याचेच असतात.

त्या रात्री मी संगणकावर एक फाइल उघडली. नाव ठेवलं ‘दादा हिशेब’. पहिली नोंद झोपाळ्याची. मग हात चालू लागला. बँकेतली सवय! मागची येणी वसूल करायची तर मूळ नोंदी हव्यात. १९७४ : माझा फाउंटन पेन मित्राला दिला. १९८३ : माझ्या लग्नात फेटा बांधायला नकार दिला. मागं मागं जात मी १९६८ पर्यंत पोहोचलो : माझ्या वाट्याची साय खाल्ली. एकूण नोंदी ४१. पुढची सोळा वर्षं आम्ही कार्यात भेटलो, ‘जेवलास का?’ ‘जेवलो’ एवढं बोललो, आणि घरी आल्यावर मी बेचाळिसावी नोंद करण्याजोगं काही सापडतं का ते पाहिलं.

२०२५ च्या गणपतीत पुतण्याचा फोन आला. ‘‘काका, बाबांना आताशा आठवत नाही. परवा माझंच नाव विचारलं. एकदा येऊन जा.’’

फोन ठेवला आणि मी मोठ्या मनानं संगणकासमोर बसलो. ‘दादा हिशेब’वर टिचकी मारली, डिलीट दाबलं. सौ.ला हाक मारून सांगितलंसुद्धा, ‘‘माफ केलं मी दादाला.’’ ती म्हणाली, ‘‘बरं झालं. दूध खाली उतरवा.’’

पण रात्री झोप येईना. उठलो, टोपली उघडली. फाइल होती. टोपलीतली फाइल वाचता येत नाही. तिचं नाव, मूळ जागा आणि टाकल्याची तारीख तेवढी दिसते. तेवढ्यानंही बरं वाटलं. मग रोज रात्री बघायची सवयच लागली. एकदा सौ.नं पकडलं. ‘‘माफ केलंत ना? मग टोपलीत काय शोधताय?’’

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर आपली बहुतेक क्षमा ही टोपलीतलीच असते. टेबल स्वच्छ दिसतं, पाहुण्यांना कौतुक वाटतं. पण पुढच्या भांडणात सगळं मूळ तारखेसह मूळ जागी हजर! दुसरी असते शिफ्टची क्षमा. शिफ्ट धरून डिलीट दाबलं, की टोपलीत न जाता थेट नाहीसं होतं. ही माणसं ‘मी सगळं विसरलो!’ असं इतक्या मोठ्यानं सांगतात, की काय विसरले ते साऱ्या गावाला पाठ होतं. (जाता जाता : पेनड्राइव्हवरची फाइलसुद्धा सहसा टोपलीत जात नाही. तिथं डिलीट जपून दाबा.)

‘‘आणि टोपली रिकामी केली तर? खरंच जातं का रे सगळं?’’ चिरंजीवांना मी विचारलं.

‘‘जुन्या फिरत्या डिस्कवर लगेच नाही जात. सोसायटीच्या बोर्डावरची पाटी काढल्यासारखं असतं. भाडेकरू आतच असतो, दुसरा येईपर्यंत. म्हणून चुकून काही उडालं, तर त्या डिस्कवर नवं काही टाकायचं नाही, फाइल परत आणायचा प्रोग्रामसुद्धा नाही. नव्या एसएसडीत मात्र पाटी काढली, की डिस्कला तसं कळवलं जातं आणि ती सवडीनं खोली धुऊन टाकते.’’

म्हणजे दादाची डिस्क नव्या पद्धतीची झाली होती. आणि तिथंच माझी खरी पंचाईत होती. ज्याला आपण काय केलं ते आठवतच नाही, त्याला माफ तरी कसं करायचं? कर्जदाराच्या दप्तरी कर्जच नाही. नोंद फक्त माझ्या टोपलीत. ती रिकामी केली तर भांडण तर संपेल, पण १९६८ ची साय, १९७४ चा पेन, वाईचं माजघर यांचा उरलेला एकमेव साक्षीदारही संपेल. त्या ४१ नोंदींत तक्रार होती हे खरं. पण ४१ वेळा आम्ही दोघंही होतो.

‘‘उद्या सांगतो,’’ मी चिरंजीवांना म्हटलं आणि नाशिकची गाडी पकडली.

दादा झोपाळ्यावर बसला होता. उजव्या कडेला, भिंतीकडे सरकून. मी समोर उभा राहिलो. ‘ओळखलंस का?’ म्हणायचा धीर झाला नाही. तो बराच वेळ बघत राहिला. ओठ हलले. ‘‘बा... बा...’’

डॉसमध्ये यंत्र उरलेलं नाव सांगायचं आणि पहिलं अक्षर आपल्याला विचारायचं. इथं उलटं होतं. पहिलं अक्षर तेवढं त्याच्याजवळ राहिलं होतं.

‘‘बाळू,’’ मी म्हटलं.

‘‘हां. बाळू.’’ आणि त्यानं शेजारच्या जागेवर हात थोपटला.

मी बसलो तशा वहिनी आतून धावत आल्या आणि मला बघून दारातच थांबल्या. ‘‘त्या बाजूला कुणाला बसू देत नाहीत हो. बाळू आत्ता शाळेतून येईल म्हणतात. परवा डॉक्टरांनाही उठवलं.’’

मग आम्ही झोके घेतले. पितळी कड्या वाईला करायच्या तशाच करकरत होत्या.

परत आल्यावर चिरंजीव हजर होतेच. ‘‘काय काका, रिकामी करू?’’

‘‘कर. पण एक मिनिट थांब.’’

मी टोपली उघडली आणि ‘दादा हिशेब’ रिस्टोअर केली. मजकूर निवडला, की वरच्या पट्टीत अक्षरांवरून आडवी रेघ मारलेलं एक बटण असतं. ते दाबलं की खालचं वाचता येतं आणि तरी खोडलेलं राहतं. इतकी वर्षं त्या बटणाचा उपयोग मला कळला नव्हता. एकेका नोंदीवर रेघ मारत गेलो. रंगही तांबडा दिला. झोपाळ्याच्या नोंदीशी आलो. ‘झोपाळा नेला. विचारलं नाही.’ त्यावर रेघ मारली आणि वर बरोबर नोंद लिहिली : ‘झोपाळा सांभाळला. अर्धा माझा.’ शेजारी माझी आद्याक्षरं.

चाळीस नोंदी झाल्या. एक तशीच ठेवली आहे, १९६८ ची. क्षमा आपल्या जागी ठीक आहे हो. पण साय त्यानं खाल्लीच होती.