दीड मिनिटाची अणुभट्टी

जिमी कार्टर अणुपाणबुडीवर होते, ही समजूत अमेरिकेत आहे आणि आपल्याकडेही. ती खरी नाही. 'नॉटिलस' ही पहिली अणुपाणबुडी जानेवारी १९५५ मध्ये अणुशक्तीवर समुद्रात निघाली. तोवर कार्टर नौदल सोडून जॉर्जियातल्या प्लेन्स या आपल्या गावी भुईमुगाच्या धंद्याला लागले होते. त्यांची नोकरी झाली ती डिझेलच्या पाणबुड्यांवर. १९७६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात त्यांनी स्वतःला अणुभौतिकशास्त्रज्ञही म्हणवून घेतले. पदरी होती नौदल अकादमीची पदवी आणि युनियन कॉलेजातले थोडेफार शिक्षण. निवडणूक आली की पदवी एक पायरी वर चढते, हे काही फक्त आपल्याच जिल्ह्यात घडते असे नाही.

पण या फुगवलेल्या कहाणीमुळे खरी गोष्ट झाकली जाते. आणि खरी गोष्ट जास्त वजनदार आहे.

१९४८ मध्ये पाणबुडीचे प्रशिक्षण संपवून कार्टर 'पॉमफ्रेट' या डिझेल पाणबुडीवर रुजू झाले. पॅसिफिकमधल्या वादळात एका रात्री ते बुरुजावर पहाऱ्यावर असताना लाटेने त्यांना उचलले. मागे तोफेची नळी होती, तिला ते धडकले आणि तिलाच मिठी मारून वाचले. लाट जरा तिरकी आली असती तर अमेरिकेचा एक राष्ट्राध्यक्ष कमी झाला असता. आणि वादळातही पाणबुडी पाण्यावर का? कारण डिझेलच्या पाणबुडीला पाण्याखाली बॅटरीवर चालावे लागते. ती बॅटरी भरायला इंजिन हवे आणि इंजिनाला हवा, म्हणून पाण्यावर यावेच लागते. अणुभट्टीला हवा लागत नाही, सगळी मेख इथेच आहे. बाकी यंत्र परळीकरांना नवे नाही. उष्णता, वाफ, टर्बाइन. परळीच्या औष्णिक केंद्रात कोळसा जे करतो, तेच पाणबुडीत युरेनियम करते. परळीचे संच फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. पाणबुडीला ती तरी अडचण नाही!

१९५२ मध्ये कार्टर कॅप्टन हायमन रिकोव्हर यांच्या अणुपाणबुडी प्रकल्पात आले. रिकोव्हर प्रत्येक अधिकाऱ्याची मुलाखत स्वतः घेत. अकादमीत आपला ५९ वा क्रमांक आला, हे कार्टर यांनी अभिमानाने सांगितले. शाबासकी मिळाली नाही. तू तुझे सर्वोत्तम दिलेस का, एवढेच रिकोव्हर यांनी विचारले. नेहमीच नाही, असे खरे उत्तर दिल्यावर त्यांनी मुलाखत संपवायला खुर्ची फिरवली. आणि शेवटचे एकच विचारले, का नाही? पुढे कार्टर यांनी आपल्या पुस्तकाला याच प्रश्नावरून नाव दिले. त्यांना काम मिळाले ते 'सीवुल्फ' या नियोजित अणुपाणबुडीच्या तुकडीत. तिच्या भट्टीत थंडाव्यासाठी पाण्याऐवजी वितळलेले सोडियम होते. सोडियमचा पाण्याशी संबंध आला की भडका, आणि ही भट्टी बसवायची होती समुद्रात. काही वर्षांनी अमेरिकी नौदलाने ती काढून साधी पाण्याची भट्टी बसवली.

१२ डिसेंबर १९५२ ला कॅनडातल्या चॉक रिव्हर इथली 'एनआरएक्स' ही संशोधन भट्टी बिघडली. इंधन वितळले आणि तळघरात लाखो लिटर किरणोत्सारी पाणी साचले. मदतीला गेलेल्या अमेरिकी नौदलाच्या तुकडीचे प्रमुख होते २८ वर्षांचे लेफ्टनंट कार्टर. आत किरणोत्सर्ग इतका, की एका माणसाला सुमारे दीड मिनिटच थांबता येई. म्हणून शेजारच्या टेनिस कोर्टवर भट्टीची हुबेहूब प्रतिकृती उभारली. तिघातिघांनी तिच्यावर सराव करायचा, कुठला बोल्ट कुठल्या पान्याने किती वेळात सुटतो ते हाताला पाठ करायचे, मग पांढरे कपडे चढवून खऱ्या भट्टीत उतरायचे, दीड मिनिटात जमेल तेवढे उघडायचे आणि पळत बाहेर. आत एक बोल्ट निघाला की कोर्टवरच्या प्रतिकृतीतलाही तोच काढायचा, म्हणजे पुढच्या तिघांना काम कुठवर आले ते कळे. कार्टर स्वतः उतरले. पुढे कित्येक महिने त्यांच्या लघवीची तपासणी होत राहिली.

१९५३ मध्ये वडील वारले आणि कार्टर यांनी राजीनामा दिला. पत्नी रोझलिन यांना ते मुळीच पसंत नव्हते. १९५४ च्या दुष्काळात भुईमुगाने पदरात जवळजवळ काही टाकले नाही. तो हिशेब बालाघाटावरच्या कुणालाही समजावून सांगावा लागणार नाही.

२८ मार्च १९७९ ला पेनसिल्व्हेनियात थ्री माइल आयलंडची भट्टी बिघडली. लोक गाड्या भरून गाव सोडत होते. चार दिवसांनी राष्ट्राध्यक्ष कार्टर पत्नीसह त्या केंद्राच्या नियंत्रण कक्षात जाऊन उभे राहिले. याला दिखावा म्हणणारे म्हणोत. मोजमाप कसे वाचायचे आणि किती वेळ थांबायचे, हे त्यांना ठाऊक होते. राज्यकर्त्याने यंत्राच्या पोटात एकदा तरी उतरलेले असावे असे मला वाटते, ते यासाठी.

तरीही या मताला मोठी खोट आहे, आणि ती महाराष्ट्रातच सापडते.

कार्टर ज्या भट्टीत उतरले, तिच्याच आराखड्यावर कॅनडाच्या मदतीने मुंबईतल्या ट्रॉम्बे इथे 'सायरस' उभी राहिली. ती १९६० मध्ये सुरू झाली. तिच्यातले प्लुटोनियम मे १९७४ मध्ये पोखरणच्या अणुचाचणीत वापरले गेले. त्याचा राग अमेरिकेने काढला तारापूरवर. तारापूरची भट्टी अमेरिकेची, इंधन पुरवण्याचा करार १९६३ चा, आंतरराष्ट्रीय तपासणी चालू, आणि पोखरणशी तिचा संबंध नव्हता. पण कार्टर यांच्या काळात मार्च १९७८ मध्ये कायदा झाला की, ज्या देशाने आपली सगळी अणुकेंद्रे तपासणीला खुली केली नाहीत त्याला इंधन नाही. करार आधीचा, अट नंतरची. त्याआधी जानेवारीत दिल्लीला आले असता, पंतप्रधान मोरारजी देसाईंना थंड आणि रोखठोक पत्र पाठवू, असे ते आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना हळूच म्हणाले. ध्वनिक्षेपक चालू होता. स्वतः बॉम्बच्या विरोधात असलेल्या मोरारजींसाठी ही भाषा! आणि कार्टर यांच्या आई लिलियन तर सत्तरीकडे झुकलेल्या वयात विक्रोळीत, ट्रॉम्बेपासून फार लांब नाही, परिचारिका म्हणून राबून गेल्या होत्या.

१९८० मध्ये कार्टर यांनी तारापूरला ३८ टन इंधन देण्याचा निर्णय घेतला, सिनेटमध्ये तो ४८ विरुद्ध ४६ मतांनी जेमतेम वाचला. पुढे १९८२ मध्ये फ्रान्सने इंधनाची जबाबदारी घेतली. आणि ज्या ट्रॉम्बेला धडा शिकवायचा होता, तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने पाणबुडीची भट्टी घडवली. त्या भट्टीची 'अरिहंत' २६ जुलै २००९ ला विशाखापट्टणमला पाण्यात उतरली, तेव्हा अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षपदी अनिल काकोडकर होते.

भट्टीची भीती कार्टर यांनी अंगावर घेतलेली होती, म्हणून ती खरी होती. पण तिची किंमत त्यांनी अशा केंद्राकडून वसूल केली ज्याने काही केले नव्हते. भट्टी कशी बिघडते हे त्यांना कळत होते. समोरच्याशी झालेला करार मोडला की काय बिघडते, ते त्या दीड मिनिटात शिकायला मिळाले नव्हते.

म्हणून परळीच्या पाण्यावर आणि राखेवर निर्णय घेणाऱ्यांनी एक पाळी बॉयलरच्या मजल्यावर आणि एक दुपार राखेच्या तळ्याशेजारच्या वस्तीत काढावी, असा आग्रह आपण जरूर धरू या. आणि ती काढून आल्यावरही त्यांच्या निर्णयाची फाईल मागवून ओळ न ओळ वाचू या.