आजाराच्या रक्ताला विटाळ नाही

दोह्याच्या मेट्रोचा हिरवा मार्ग एका टोकाला अल मन्सूरा स्थानकात संपतो. स्थानकाभोवतीच्या इमारतींतून, दोन-दोन खोल्यांच्या घरांत, भारतातून आलेली कितीतरी कुटुंबे राहतात. अशा घरातल्या मराठी बाईला पाळीच्या दिवसांत बाजूला बसायला वेगळी खोली नसते आणि तिच्या वाटचा स्वयंपाक करायला सासू-जाऊही नसते. त्यामुळे गावाकडचे बरेचसे नियम इथे आपोआप गळून पडले. उरला तो एकच, देवाला शिवायचे नाही. महिन्यातले चार दिवस फडताळातल्या देवघराला हात लावायचा नाही, एवढ्याने कोणाचे फारसे बिघडत नाही. पण पंचेचाळिशीत पाळी बारा-बारा दिवस लांबते, संपली म्हणेतो पंधरा दिवसांत पुन्हा येते, तेव्हा हाच एक नियम महिन्याचा निम्मा भाग व्यापतो. मग तो देवघरापुरता राहत नाही. कोणता उपचार घ्यायचा, कोणता मध्येच सोडायचा, शस्त्रक्रिया कधी करायची, या प्रश्नांवरही त्याची सावली पडते. ती पडू नये, आणि धर्म मानणाऱ्या बाईनेही ती पडू देण्याचे कारण नाही, असे माझे म्हणणे आहे.

आधी आजार नीट समजून घेऊ. एका पाळीत साधारण तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जाते. ऐंशीच्या वर गेले तर ते अति, असे वैद्यकशास्त्र पूर्वी मोजून सांगत असे. आता बाईच्या रोजच्या जगण्यात अडथळा येईल इतके रक्त गेले तरी डॉक्टर त्याला अतिरक्तस्राव म्हणतात, आणि हा बदल योग्यच आहे, कारण घरी कोणी रक्त मोजत नाही. घरी दिसते ते वेगळे: एकावर एक लावलेले दोन पॅड, रात्री चादरीखाली घातलेले प्लॅस्टिक, प्रवासाला निघताना नेमका काळा कुर्ता, मोठमोठ्या गाठी, आणि दुसऱ्या मजल्यावर पोहोचेतो लागलेली धाप. चाळिशीनंतर अंडाशयातून दर महिन्याला बीज सुटेनासे होते. त्यामुळे प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते आणि मग एकदम ढासळते. काहींना फायब्रॉइडच्या गाठी असतात, काहींच्या गर्भाशयाच्या भिंतीतच अस्तर शिरलेले असते, काहींचे थायरॉइड बिघडलेले असते. क्वचित अस्तरात कर्करोगाची सुरुवातही असते, म्हणून पंचेचाळिशीनंतर अस्तराचा तुकडा तपासायला सांगतात. तेव्हा 'या वयात असे व्हायचेच' हे अर्धेच खरे आहे. या वयात असे होते, पण कशामुळे होते ते शोधावेच लागते.

उपचार बरेच आहेत. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या फक्त स्रावाच्या दिवसांत घ्यायच्या असतात. जपानच्या उताको ओकामोतो यांनी पतीसोबत हे औषध शोधले आणि १९६२ मध्ये ते जगापुढे मांडले. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायका वाचाव्यात, हा त्यांचा ध्यास होता. संप्रेरकांच्या गोळ्या आहेत, अस्तर जाळण्याची छोटी शस्त्रक्रिया आहे, फायब्रॉइडचा रक्तपुरवठा बंद करता येतो. शेवटी गर्भाशय काढणे आहेच. या सगळ्यांत गर्भाशयात बसवायचे लिव्होनॉर्जेस्ट्रेलचे साधन, ज्याला बहुतेकजणी 'मिरेना' म्हणूनच ओळखतात, अनेकींना शस्त्रक्रियेपासून दूर ठेवते. ब्रिटनमध्ये ५७१ बायकांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेहमीच्या औषधांपेक्षा या साधनाने बायकांचे रोजचे जगणे अधिक सुधारले असे दिसले. पण ते बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडत राहतात. वैद्यकाच्या दृष्टीने हा किरकोळ त्रास. देवघर सांभाळणाऱ्या बाईच्या दृष्टीने मात्र ते सलग सहा महिन्यांचे अस्पृश्यपण. गणपती येतात, गौरी येतात, नवरात्र बसते, आणि ती दारातच उभी. म्हणून साधन काढून टाकले जाते, नाहीतर सणापुरती पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्या दुकानातून आणून घेतल्या जातात. त्या थांबवल्या की बांध फुटावा तसा स्राव येतो, आणि ज्यांना रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका आहे त्यांनी तर त्या विचारल्याशिवाय घेऊच नयेत. रक्ताचा डाग जिला आजारापेक्षा मोठा वाटायला शिकवले आहे, ती मुळापासून काढूनच टाका म्हणते. गर्भाशय जाण्याला विटाळाची भीती अशी हातभार लावते.

मग धर्माने खरोखर हे मागितले आहे का? पराशरस्मृतीच्या सातव्या अध्यायात हा प्रश्न सरळ आला आहे. आजारामुळे रोज रोज वाहणाऱ्या रक्ताने स्त्री अशुचि होत नाही, ते रक्त वेळेवरच्या पाळीचे नव्हे, असा तिथला निर्णय आहे. म्हणजे विटाळाचे कडक नियम घालणाऱ्या शास्त्रकारांनीही ऋतुस्राव आणि रोगस्राव यांत रेषा ओढली होती. आयुर्वेदानेही ओढली, चरकसंहितेत अतिस्रावाला असृग्दर म्हणून वेगळा रोग मानले आहे आणि त्यावर चिकित्सा सांगितली आहे. अल मन्सूरात राहणाऱ्या बाईच्या शेजारणी ज्या धर्माच्या आहेत, त्या धर्मातही हाच विचार आहे. फातिमा बिंत अबी हुबैश यांचा स्राव थांबत नव्हता. नमाज सोडून द्यावी का, असे त्यांनी पैगंबरांना विचारले. नाही, हे रक्त शिरेचे आहे. नेहमीच्या पाळीचे दिवस तेवढे सोड, मग स्नान कर आणि प्रार्थना कर, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. इस्लामी शास्त्रात अशा स्रावाला इस्तिहाझा म्हणतात आणि तो बाईला उपासनेपासून तोडत नाही. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दोन परंपरा एकाच ठिकाणी पोहोचल्या, कारण दोघींसमोर आजारी बाई उभी होती आणि तिला देवापासून कायमचे दूर ठेवणे दोघींनाही पटले नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. त्याच पराशरस्मृतीत पाळीच्या पहिल्या तीन दिवसांबद्दल फार अपमानकारक वचने आहेत. त्यातले सोयीचे तेवढे उचलायचे, ही प्रामाणिक रीत आहे का? मी ते वचन प्रमाण म्हणून पुढे करत नाही. जिला स्मृती प्रमाण वाटते तिला एवढेच सांगायचे आहे की तिची स्मृतीसुद्धा तिच्याकडून हे मागत नाही. जिला स्मृतीचे ओझे नको, तिच्यासाठी मराठी परंपरेत आणखी मोकळी वाट आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी पाळीला नाकाकानांतून वाहणाऱ्या इतर मळांच्या पंक्तीला बसवले आणि तिचा वेगळा विटाळ नाकारला. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांनी तर विचार मुळाशी नेला: देह आहे तिथे विटाळ आहेच, त्यातूनच प्रत्येकाचा देह घडतो, मग सोवळा म्हणवणारा कोण? जन्माने आणि देहाने असा दुहेरी विटाळ ज्यांच्या माथी मारला गेला, त्या बाईचा हा युक्तिवाद आहे. त्याला आजवर कोणी सरळ उत्तर दिले आहे असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. सहन करणे हाही धर्म नाही का? आईने सोसले, आजीने सोसले, प्रारब्धाचा भोग भोगूनच संपतो. ऋषिपंचमीचे व्रत तर पाळीच्या काळात कळत-नकळत झालेल्या शिवाशिवीच्या प्रायश्चित्तासाठीच केले जाते आणि पाळी गेल्यावर त्याचे उद्यापन होते. व्रतामागची श्रद्धा मी हलकी लेखत नाही. बैलाच्या कष्टाचे अन्न त्या दिवशी न खाण्यात एक जुनी कोवळीक आहे, ती मला प्रिय आहे. पण देहाला प्रायश्चित्त लावण्याची सवय एकदा जडली की आजारही शिक्षेसारखा वाटू लागतो, आणि शिक्षेवर कोणी औषध मागत नाही. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. हे सोसणे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे, पण त्याने कोणाचा भोग संपलेला दिसत नाही. हिमोग्लोबिन तेवढे संपते. टाळता येणारे दुःख टाळायचे आणि टळत नाही ते धीराने सोसायचे, यात फरक न करणारी सहनशीलता मला धर्म वाटत नाही.

सोसण्याच्या दुसऱ्या टोकाला 'मुले झाली, आता ती पिशवी कशाला' हा विचार उभा आहे. दोन्ही टोके विरुद्ध वाटतात, पण दोन्हींत बाईच्या देहाची किंमत दुसऱ्याच्या गरजेने ठरते. बीड जिल्ह्यात याचे सर्वांत भयानक रूप दिसले. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अनेकींची चाळिशीही उलटली नव्हती. खाडा झाला की दंड, फडावर ना संडास ना पाणी, आणि दवाखान्यात कर्करोगाची भीती. अशा वेळी पाळीच नको, हा त्यांचा निर्णय होता असे म्हणणे म्हणजे निर्णय या शब्दाचा अपमान आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असा आदेश दिला. दोह्यातल्या नोकरदार बाईची आणि बीडच्या कोयत्यावरच्या बाईची स्थिती एक नाही, ती एक आहे असे म्हणणे बीडच्या बायकांवर अन्याय ठरेल. तरी वर्षातून एकदा मिळणाऱ्या रजेत, जुलै-ऑगस्टमध्ये शाळा बंद असताना, पुण्याला किंवा कोल्हापूरला जाऊन 'एकदाचे उरकून टाकू' असे जेव्हा ठरते, तेव्हा तिथेही निकाल कॅलेंडरने दिलेला असतो. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे जड उचलता येत नाही. रजा त्याआधी संपते.

याचा अर्थ गर्भाशय काढू नये असा मुळीच नाही. मोठे फायब्रॉइड असतील, बाकीचे उपाय हरले असतील, पेशींत धोक्याचा बदल असेल, तर ती शस्त्रक्रिया वरदान आहे, आणि स्राव नक्की थांबवणारा उपाय तोच एक आहे. सगळे समजून घेतल्यावर 'मला आणखी पाच वर्षे हे नको' असे म्हणणाऱ्या बाईला देहाच्या पावित्र्यावर प्रवचन देण्याचा हक्क कोणालाही नाही. मात्र समजून घेण्यात हेही येते की अंडाशय सोबत काढले तर त्याच दिवशी रजोनिवृत्ती येते, हाडे आणि हृदय यांवर त्याचा परिणाम होतो; आणि अंडाशय ठेवले तरी रजोनिवृत्ती थोडी लवकर येण्याची शक्यता वाढते. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिशीत थांबते. अठ्ठेचाळिशीच्या बाईला कदाचित थोडाच काळ निभवायचा असेल, बेचाळिशीच्या बाईला नाही. दोघींचे उत्तर एक असायला नको.

म्हणून अल मन्सूरातल्या बाईला माझी विनंती आहे. रजेची वाट न पाहता जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी आणि वय पंचेचाळिशीच्या पुढे असेल तर अस्तराची तपासणी यांबद्दल विचारा. तिथून गरजेप्रमाणे हमद रुग्णालयाकडे पाठवतात. पॅड तासाभरात भिजत असेल आणि तसे काही तास चालले असेल, किंवा पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा डाग दिसला असेल, तर अजिबात थांबू नका. गर्भाशय काढायचे सुचवले तर अंडाशय ठेवणार का आणि त्याआधी काय करून पाहता येईल, हे सही करण्यापूर्वी विचारा. आणि मिरेना बसवल्यावर चौथ्या महिन्यात डाग पडत असतील, त्यात गौरी आल्या, तर त्यांना हळदीकुंकू लावा.