नाव पडले कानफाट्या

1929 साली ऑस्ट्रेलियाने जर्मन शेफर्ड, म्हणजे आपल्या बोलण्यातला अल्सेशियन, देशात आणायला बंदी केली. तिथल्या मेंढीवाल्यांनी धास्तीच घेतली होती. या कुत्र्यात लांडग्याचे रक्त आहे, रानातल्या डिंगोंशी त्याचा संकर होईल आणि मेंढ्यांचे कळप फस्त होतील, असे त्यांना वाटत होते. बंदी उठायला 1970चे दशक उजाडावे लागले. गंमत अशी, की त्याच 1929 साली अमेरिकेत अंधांसाठी कुत्रे तयार करणारी ‘द सीइंग आय’ ही संस्था सुरू झाली, आणि तिचे नाव झाले ते जर्मन शेफर्डमुळेच. एका देशात लांडगा ठरलेला कुत्रा दुसऱ्या देशात आंधळ्याची काठी झाला.

आपल्याकडेही एके काळी बंगल्याच्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी दिसली, की आत अल्सेशियन असणार हे लोक धरूनच चालत. आता त्याला कोणी फारसे भीत नाही. मधल्या काळात ती बदनामी डॉबरमनकडे गेली, मग रॉटवायलरकडे, आणि सध्या ती पिटबुलच्या वाट्याला आली आहे. एकदा कानफाट्या नाव पडले की पडले, असे आपण म्हणतो. कुत्र्यांच्या बाबतीत ते पुसले जाते, फक्त दुसऱ्याच्या कपाळी जाऊन बसते. चार माणसांनी आपल्याला टरकून राहावे अशी ज्याची हौस असते, तो त्या वेळी ज्याचे नाव काढताच लोक दचकतात, नेमका तोच कुत्रा विकत आणतो. दिवसभर साखळीला बांधतो, येणाऱ्या-जाणाऱ्यावर धावून गेला की शाबासकी देतो. एक दिवस तो कुत्रा चावतो, आणि नाव पक्के होते.

तरीही ‘कुत्रा वाईट नसतो, मालक वाईट असतो’ हे श्वानप्रेमींचे लाडके वाक्य मला पुरते पटत नाही. पिटबुलचे पूर्वज इंग्लंडात बैलांवर सोडले जात. 1835च्या कायद्याने तो खेळ बंद झाला, तेव्हा लोकांनी कुत्रीच एकमेकांशी झुंजवली आणि पकड न सोडणाऱ्यांची पैदास केली. ती ताकद अंगात उतरली आहे. पॉमेरेनियन चावला तर पट्टी बांधून भागते, चाळीस किलोच्या कुत्र्याने धरले तर शस्त्रक्रियेची पाळी येते. जुलै 2022मध्ये लखनौत ऐंशी पार केलेल्या एका बाईंचा जीव घरच्याच पिटबुलने घेतला. त्या घराला आकडेवारी ऐकवायला कोण जाणार?

ताकद जातीची असते, एवढे मान्य. स्वभावाचे तसे नाही. 2022मध्येच ‘सायन्स’ या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जेमतेम 9 टक्के फरक जातीवरून सांगता येतो, असे त्यात निघाले. कुत्रा किती लवकर चिडेल हे तर जातीवरून जवळजवळ कळतच नाही. (माहिती मालकांनी भरलेली, तेव्हा थोडी लाडाची धरावी.) त्याआधी 2007मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मायकेल विक या फुटबॉलपटूच्या जागेतून झुंजीसाठी पाळलेले सुमारे पन्नास पिटबुल सोडवले गेले. यांना मारूनच टाकावे, असे तेव्हा कित्येकांचे मत होते. त्यांतले बहुतेक वाचले, अनेक घराघरांत नांदले, काही तर रुग्णांच्या भेटीला जाऊ लागले.

जातींची यादी करून बंदी घालणे सरकारांना सोपे वाटते. आपल्या केंद्र सरकारने 12 मार्च 2024 रोजी 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्याचे पत्र राज्यांना पाठवले. महिनाभरात ते कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांत टिकले नाही. ब्रिटनमध्ये 1991पासून अशी यादी आहे, आणि अलीकडे तीत ‘एक्सएल बुली’ची भर पडली. नेदरलँड्सने मात्र चावे काही कमी होत नाहीत हे पाहून 2008मध्ये पिटबुलवरची बंदी सोडून दिली. मला यादीचा राग येतो तो वेगळ्याच कारणाने. यादीत नाव नसलेल्या कुत्र्याचा मालक तिच्यामुळे निर्धास्त होतो. आपल्या देशात बहुतेक चावे ज्या कुत्र्यांचे असतात, त्यांची जात कुठल्याच यादीत नाही, आणि रेबीज तर जात विचारतच नाही.

पिल्लाच्या आयुष्यातला तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा. माणसे, पोरे, रिक्षांचे आवाज, दुसरी कुत्री यांची ओळख त्याला तेव्हाच व्हावी लागते. आज पुण्या-मुंबईत रॉटवायलरचे पिल्लू हौसेने आणून गॅलरीत बांधून ठेवणारे आहेत. तिथे एकटे वाढलेले पिल्लू वर्षभरात अंगाने मोठे होते, पण जग त्याला अनोळखीच राहते. तेव्हा फिरवायला रोज वेळ नसेल तर मोठा कुत्रा आणू नका. आणायचाच असेल, तर आधी पिल्लाची आई पाहून या, ती अनोळखी माणसाशी कशी वागते ते बघा. आई दाखवायला कां-कूं करणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नका, मग ते कुठल्याही जातीचे असो.